‘तो शहीद होता का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे

गेल्या जानेवारीत आमच्या तालुक्यातील एका बौद्ध वस्तीतला चोवीस वर्षांचा जवान रस्त्यावर गेला. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. नुकसानभरपाईचा दावा न्यायालयात आहे आणि “नाव नगं छापू, ताई” असे त्याच्या आईने बजावून सांगितले आहे.

लष्करात त्याला चार वर्षे झाली होती. बहिणीचे लग्न ठरले म्हणून रजा काढून आला होता. दिवसभर पाहुण्यांत पत्रिका वाटून रात्री आठच्या सुमारास तो मोटारसायकलवरून घरी परतत होता. वाटेत उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या टायर फुटल्यामुळे अर्धा रस्ता अडवून उभ्या होत्या. मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, ट्रॉलीपासून दोन हातांवर चार दगड तेवढे मांडून ठेवले होते. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला आणि तो सरळ ट्रॉलीखाली गेला. हेल्मेट घरी खुंटीला होते. हेही मी लिहिते आहे, कारण पुढे जे म्हणायचे आहे ते त्याच्यावर पांघरूण घालून म्हणता येणार नाही.

लष्कराची तुकडी आली, तिरंगा आला, सलामी झाली. वस्तीतल्या पोरांनी रातोरात फ्लेक्स लावले. त्यावर त्याचा गणवेशातला फोटो, शेजारी बंदूक, वर ‘अमर शहीद’. त्या रात्री मीही मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या आणि त्यात ‘शहीद’ हाच शब्द वापरला. दुसरा शब्द सुचलाच नाही.

वाद निघाला तो पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर. गावातल्या मुख्य चौकाला त्याचे नाव द्यावे अशी मागणी वस्तीने केली. ग्रामसभेत एक जण उठला आणि म्हणाला, “बॉर्डरवर गेलाय का? गाडीवर पडून मेला, त्यो शहीद कसा?” आमची पोरे उसळली. आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. एक बाजू म्हणे शहीद, दुसरी म्हणे नव्हे. आणि त्या आठ दिवसांत पोलीस ठाण्यातून फिर्यादीची प्रत आणायला मात्र कोणीही गेले नव्हते. आम्हीसुद्धा नाही.

या लेखाचे कारण तेवढेच आहे. त्या मुलाची आठवण ठेवायची असेल तर आपण चुकीच्या प्रश्नावर भांडतो आहोत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

शब्द कोणत्याच फायलीत नाही

आधी त्या शब्दाचाच निकाल लावू. ‘शहीद’ किंवा ‘मार्टर’ हा शब्द भारतीय सैन्यदलांच्या अधिकृत व्यवहारात नाही. सरकारने हे संसदेत सांगितले आहे आणि २०२२ मध्ये लष्करानेही पत्र काढून हा शब्द वापरू नये असे कळवले होते. लष्कराच्या कागदावर असतात त्या ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ अशा कोरड्या नोंदी. म्हणजे ग्रामसभेत ज्या शब्दासाठी माणसे एकमेकांच्या अंगावर गेली, तो शब्द त्या मुलाच्या कोणत्याही कागदावर येणार नव्हता. तो सीमेवर गेला असता तरीही आला नसता.

दुसरी गोष्ट. ‘गोळी लागली नाही म्हणजे शहीद नाही’ ही मोजपट्टी आपल्या भागात प्रत्यक्षात कोणी वापरत नाही. २७ मे २०२२ रोजी लडाखमध्ये तुर्तुककडे जाणारी जवानांची बस श्योक नदीत कोसळली आणि सात जवान गेले. त्यांत खटाव तालुक्यातील विसापूरचे सुभेदार विजय शिंदे होते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी लेहजवळ कियारी येथे लष्करी वाहन दरीत गेले, नऊ जवान गेले. त्यांत फलटण तालुक्यातील राजाळ्याचे वैभव भोईटे होते. २४ डिसेंबर २०२४ रोजी पूंछ जिल्ह्यात बलनोईजवळ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांचे वाहन दरीत कोसळले, त्यांत सातारा तालुक्यातील कामेरीचे शुभम घाडगे गेले. तीन वर्षांत सातारा जिल्ह्याने हे तीन जवान रस्त्यावर गमावले. त्यांना शत्रूची गोळी लागली नव्हती. तरीही त्यांच्या गावांनी, वर्तमानपत्रांनी, मंत्र्यांनी त्यांना वीरमरण आल्याचेच म्हटले आणि ते योग्यच केले. डोंगरातल्या घाटात सैन्याची गाडी चालवणे आणि त्या गाडीत बसणे हीसुद्धा ड्युटीच आहे.

यावर कोणी म्हणेल, ते ड्युटीवर होते, हा रजेवर होता. मान्य. हा फरक खरा आहे आणि तो कायद्यातही आहे. त्याकडे मी पुढे येते. पण आमच्या गावापासून बारा किलोमीटरवरच्या एका गावात रजेवर असतानाच मोटारसायकलच्या अपघातात गेलेल्या एका जवानाच्या नावाची कमान उभी आहे. मी त्या कमानीखालून आठवड्यातून दोनदा जाते. ती असावीच, त्या घराचेही पोर गेले आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की तिथे रजा आडवी आली नाही आणि आमच्या वस्तीतल्या पोराच्या वेळी ती आडवी आली. मोजपट्टी असावी, पण ती वस्ती बघून लांब-आखूड होऊ नये.

आम्हाला हा शब्द का लागतो

“तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत जातच दिसते” असे आता म्हटले जाईल. म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

ज्या समाजाला सैन्यात जाण्याचा हक्कसुद्धा मागून घ्यावा लागला, त्याला सैनिकाच्या मरणाची नोंद महत्त्वाची वाटणारच. भीमा कोरेगावच्या स्तंभावर मृतांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली नावे आहेत. गावात ज्याला नावाने हाक मारली जात नव्हती त्याचे नाव दगडावर लिहिले गेले, हे आमच्यासाठी त्या स्तंभाचे मोल आहे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले ते याचसाठी. पुढे १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळे यांच्यापर्यंत आमच्या माणसांनी अर्जांवर अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर तीही मोडली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते.

आणि हा इतिहास दूरचा नाही. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले. भीमाबाईंची समाधी साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या ज्या शाळेत दाखल झाले, त्या शाळेच्या पटाची नोंद आपण आजही अभिमानाने दाखवतो. हा सगळा सैनिकांचा जिल्हा आहे. अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण गेले.

तेव्हा वस्तीतली पोरे फ्लेक्सवर ‘शहीद’ लिहितात तेव्हा त्यामागे निव्वळ हौस नसते. ‘आमचाही एक होता’ हे सांगण्याची ती धडपड असते. मी त्यांना हसत नाही. पण ज्या बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण हे करतो, त्यांनी रस्त्यावरच्या अपघाताकडे कसे पाहिले हेही आपण पाहायला हवे.

चाळीसगावचा टांगा

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात दोन प्रवास आहेत. पहिला आपल्याच जिल्ह्यातला. १९०१ साली वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर होते, त्यांना भेटायला भावंडे रेल्वेने मसूरला उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचा सूर बदलला आणि दुप्पट भाडे देऊनही कोणी गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. अखेर मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर चालायचे असे ठरले. रात्रभराच्या त्या प्रवासात मुलांना कोणी पाणी दिले नाही.

दुसरा प्रवास १९२९ सालचा, चाळीसगावचा. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब त्या भागात गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनपासून महारवाडा दूर. टांगा मिळायला तासभर लागला. टांगा निघाला तो वेडावाकडा, आणि नदीवरच्या फरशीवर त्याचे चाक दगडांत अडकले. बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले.

आता हा अपघात दोन प्रकारे सांगता आला असता. ‘नशीब, थोडक्यात वाचलो’ ही एक तऱ्हा. ‘टांगेवाला अडाणी होता’ ही दुसरी. बाबासाहेबांनी दोन्ही टाळल्या. त्यांनी विचारले, हा माणूस टांगा हाकायला बसला कसा? तेव्हा कळले की एकही टांगेवाला महाराला नेण्यास तयार नव्हता. पाहुण्याला चालत नेणे वस्तीला कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला मिळाला नाही. म्हणून कधीही टांगा न हाकलेल्या आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला. म्हणजे पाय मोडला तो फरशीवरच्या दगडाने, पण कारण त्या दगडापाशी संपत नव्हते. ते स्टेशनबाहेरच्या टांगेवाल्यांपर्यंत आणि त्यांच्या मनातल्या उतरंडीपर्यंत जात होते. यात आपल्या लोकांच्या मानापमानाच्या कल्पनेचा वाटाही होता, आणि तोही त्यांनी लपवला नाही.

हा कार्यकारणभाव आहे. बुद्धाचा धम्म आपल्याला हेच शिकवतो: हे आहे म्हणून ते घडते. वस्तीत शोकसभेत आपण त्रिसरण-पंचशील घेतो आणि लगेच माईकवर येणारा वक्ता म्हणतो, “काळाने झडप घातली.” काळ झडप घालत नाही. त्या रात्री झडप घालायला रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी होती.

ट्रॉली कोणाची?

चाळीसगावच्या पद्धतीने आपल्या मुलाचा अपघात मांडून पाहू.

ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. का? ट्रॅक्टरमालकाने लावला नाही. त्याला कोणी विचारले का नाही? हंगामात ऊस जितका लवकर गव्हाणीत पडेल तितके सगळ्यांचेच भले असते. मालकाला खेपा हव्यात, मुकादमाला उचल फिटायला हवी, कारखान्याला गाळप हवे. नोव्हेंबर ते मार्च आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर या ट्रॉल्या असतात. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर थांबते, तिचे वजन किलोपर्यंत मोजले जाते. ज्या काट्यावर वजन मोजता येते त्याच काट्यावर मागचा दिवा बघता येत नाही का? बघता येतो. बघत नाहीत, कारण दिवा नसल्याची किंमत कारखान्याला मोजावी लागत नाही.

ती कोण मोजतो? गुन्हा दाखल झाला तो ट्रॅक्टरच्या चालकावर. तो बीडकडचा, विशीतला, आमच्याच सारख्या वस्तीतला. ट्रॅक्टर त्याचा नाही, ट्रॉली त्याची नाही, ऊस त्याचा नाही. दगड मात्र त्याने मांडले होते. भारतीय न्याय संहितेत हयगयीने मृत्यू घडवल्यास आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वीच्या कलम ३०४ अ मध्ये ती दोन वर्षे होती. शिक्षा वाढली, पण ती पडते उतरंडीच्या तळाशी उभ्या असलेल्याच माणसावर. समाजशास्त्र शिकताना दुर्खीमचे एक म्हणणे डोक्यात बसले होते की एकेकट्या वाटणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वर्षानुवर्षे सारखेच राहते तेव्हा कारण व्यक्तीत नव्हे, समाजाच्या रचनेत शोधावे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे दिवसाला साडेचारशेहून अधिक. महाराष्ट्रात १५,२२४. हे सगळे नशीब असेल तर ते नशीब फार शिस्तीचे म्हणावे लागेल.

रस्ता करणाऱ्यांचे काय? २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आले. रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर ठेकेदार आणि यंत्रणा जबाबदार धरता येते. दंड किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. एवढ्याने कोणाची झोप उडणार?

आणि हेल्मेट. हो, तेही कारण आहे. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दुचाकीवर गेले. फौजेत शिस्तीने वागणारा मुलगा गावात आला की हेल्मेट खुंटीला लावतो, कारण गावात ते घातले तर पोरे हसतात. चाळीसगावच्या वस्तीचा मानापमान आणि आमच्या पोरांचे हे हसणे एकाच जातीचे आहे. ते सोडणे आपल्या हातात आहे, म्हणून ते आपल्याच समाजाला सांगितले पाहिजे.

माणसाची किंमत

आता कागदांविषयी. ज्या आठ दिवसांत आम्ही शब्दावर भांडत होतो, त्या दिवसांत खरे काय करायला हवे होते ते सांगते. हे पुढच्या घराला उपयोगी पडावे, एवढीच इच्छा.

जवानाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन मृत्यूच्या प्रकारावर ठरते. सेवेशी संबंध जोडला गेला नाही तर साधे कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के (पहिली काही वर्षे वाढीव दराने). सेवेमुळे मृत्यू आला असे मानले गेले तर विशेष निवृत्तिवेतन ६० टक्के. युद्ध किंवा अतिरेकी हल्ल्यासारख्या प्रसंगी १०० टक्के. ड्युटीच्या ठिकाणाहून रजेच्या ठिकाणी जाता-येतानाचा हक्काचा प्रवास सेवेत धरला जातो. पण रजेत घरी असताना झालेला मृत्यू आपोआप सेवेशी जोडला जात नाही, संबंध दाखवावा लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले आहे. पत्रिका वाटून परतणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे अवघड आहे, हे मी त्याच्या आईला स्पष्ट सांगितले. फ्लेक्सवरच्या शब्दाने यात एका टक्क्याचाही फरक पडत नाही.

पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि निवृत्तिवेतन वा विम्याची रक्कम मिळते म्हणून भरपाईतून ती वजा करता येत नाही, असे न्यायालयांनी ठरवले आहे. मात्र १ एप्रिल २०२२ पासून दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्यावर न्यायालयात वाद आहेत, तरी मुदतीतच अर्ज करणे शहाणपणाचे. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे फोटो, ट्रॅक्टरचा विमा हे पहिल्या आठवड्यातच हाती घ्यायला हवे. ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदवला आणि भाड्याने ऊस ओढत होता, असा मुद्दा काढून विमा कंपनी हात झटकू पाहते. आम्ही जागे झालो तेव्हा ट्रॉली रंगवून, नवे लाल रिफ्लेक्टर लावून दुसऱ्या फडावर गेली होती. वस्तीतल्या एका शाळकरी पोराने त्या रात्री मोबाइलवर फोटो काढले होते म्हणून दावा उभा राहिला.

याच न्यायाधिकरणात मला आणखी एक गोष्ट दिसली. मेलेल्या माणसाची किंमत त्याच्या कमाईवरून निघते. वार्षिक उत्पन्न घ्यायचे, वयाप्रमाणे गुणक लावायचा. एकवीस ते पंचवीस वयासाठी तो १८ आहे. चाळिशीच्या आतला कायम नोकरीचा माणूस असेल तर पुढच्या वाढीसाठी ५० टक्के मिळवायचे, हातावर पोट असेल तर ४०. हिशेबाला काहीतरी आधार लागतो, हे मला कळते. पण १० एप्रिल २०१८ ची पहाट आठवून पाहा. खंबाटकी घाटाच्या बोगद्यानंतरच्या त्या एस आकाराच्या वळणावर विजापूरकडून कामाला निघालेल्या मजुरांचा टेम्पो उलटला. बायका-मुलांसह किमान १७ जण गेले. त्यांच्यासाठी सलामी नव्हती, कमान नव्हती, त्यांना शहीद म्हणावे का यावर कोणी ग्रामसभेत भांडले नाही. त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला माहीत आहेत? मला नाहीत. त्या वळणाला पर्याय म्हणून नवे बोगदे खोदायला घेतले, ते यांच्यासारख्यांच्या मरणानंतर.

बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात आपण प्रत्येक माणसाचे मूल्य सारखे धरू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. रस्ता ही त्या इशाऱ्याची रोजची परीक्षा आहे. एकाच वळणावर जवान जातो आणि मजूरही जातो. एकाला तिरंगा, दुसऱ्याला पंचनाम्याची पांढरी चादर. तिरंगा काढून घ्या असे मी म्हणत नाही. पण जवानाच्या आठवणीचा उपयोग जर मजुराचे मरण आणखी हलके ठरवण्यासाठी होणार असेल, तर ती आठवण आंबेडकरी नाही.

मग काय करायचे?

चौकाच्या नावाची मागणी सोडू नका. एका गावात रजेवरच्या जवानाची कमान होते तर दुसऱ्या गावात चौकही व्हायला हवा. समान मोजपट्टी मागणे हा आपला हक्क आहे. पण पाटीवर खरे लिहा. ‘शहीद’ लिहू नका. त्याचे नाव, जन्मसाल, पलटण लिहा आणि खाली लिहा: ‘बिनदिव्याच्या ट्रॉलीमुळे रस्ता अपघातात मृत्यू’. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रॅक्टरवाला ते वाचेल. खोटे मोठेपण न देता दिलेला मान जास्त टिकतो, आणि त्यावर ग्रामसभेत कोणाला बोट ठेवता येत नाही.

मी हे वस्तीत बोलले तेव्हा काही पोरे रागावली. “ताई, तुम्ही आपल्याच पोराला लहान करताय,” असे एक जण म्हणाला. त्याला उत्तर त्या मुलाच्या आईने दिले. ती वर्षभर फारसे बोललेली नाही. म्हणाली, “चौकाला नाव द्या न्हाईतर नका देऊ. त्या ट्रॉलीला मागनं लाल दिवा लावा. माजं पोरगं फौजंत हुतं म्हनून तुमी आलासा. उद्या दुसऱ्याचं जाईल, तवा कोन येनार हाय?”

यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग फ्लेक्सचा हिशेब निघाला. गेल्या वर्षी फ्लेक्सवर साडेसात हजार रुपये गेले होते. तेवढ्यात कितीतरी ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टरची पट्टी लागते.

येत्या जानेवारीत त्याचा पहिला स्मृतिदिन आहे. सकाळी बुद्धवंदना होईल आणि त्यानंतर आम्ही ट्रॉल्यांच्या रांगेत जाऊन प्रत्येक ट्रॉलीच्या मागे पट्टी चिकटवणार आहोत. कारखान्याला लेखी निवेदन दिले आहे: मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये. उत्तर अजून आलेले नाही. उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला जायचे ठरले आहे. दावा लढतो आहोत, आणि तो चालकाचा तुरुंगवास मागण्यासाठी नव्हे, मालक आणि विमा कंपनीकडून त्या घराचा हक्क घेण्यासाठी लढतो आहोत. वस्तीतल्या ज्या पोरांकडे गाडी आहे त्यांनी स्मृतिदिनाला हेल्मेट घालून यायचे, नाहीतर येऊ नये, असेही ठरले आहे. यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली, हे प्रामाणिकपणे सांगते.

सांगली-साताऱ्यातल्या इतर वस्त्यांना, मंडळांना, महिला बचत गटांना माझी विनंती आहे. आपापल्या गावात रस्त्यावर गेलेल्यांची एक वही करा. जवान, ऊसतोड कामगार, शाळेला निघालेली मुलगी, सगळ्यांची नावे एकाच वहीत, एकाखाली एक. नावापुढे जात नको, हुद्दा नको. अपघाताची जागा आणि कारण लिहा. एकाच जागेपुढे तीन नावे आली की ती वही घेऊन तहसीलदाराच्या टेबलासमोर उभे राहा.

आमच्या वहीत पहिले नाव त्या मुलाचे आहे. दुसऱ्या पानावर नाव कोणाचे लिहावे लागेल, हे येत्या हंगामात ट्रॉल्यांचे दिवे ठरवतील.

जयभीम. जय संविधान.